आकड्याचं शेपूट खाऊ नकोस

मंगरूळपीर,
कोजागिरीचा दुसरा दिवस

चि. बाळास,


सेवा केंद्र सुरू केल्यावर तू लिहिलेला पहिला अर्ज तुझ्या बाबांनी काल मला फोनवर दाखवला. अतिवृष्टीच्या नुकसानीचा. मजकूर नेमका आहे, कुठं रडगाणं नाही, हे पाहून बरं वाटलं. तू तो फोनला सांगून लिहिलास, हेही लगेच कळलं. कारण दुसऱ्याच ओळीत ‘सोबत ७१२ उतारा जोडला आहे’ असं आलंय. त्याच्याखाली ‘क्षेत्र १.२ हे.’, आणि शेवटी ‘उत्पन्न साडे १२ क्विंटल’.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एका कागदावर, मध्ये तिरकी रेघ. फोनला सातशे बारा दिसले तरी वाचणारा समजून घेईल. पण १.२ कोणी समजून घेत नाही. त्यासाठीच आज लिहायला बसलो.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला, त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा कचेरीच्या आवाराबाहेर लिंबाखाली टाइपरायटर घेऊन बसायचो. एक म्हातारी आली. नवरा वारलेला, दीर वाटणीला राजी झालेला. मी विचारलं, तुमच्याकडं किती येतं? ती म्हणाली, ‘येक हेक्टर ईस आर.’ मी बरोबर ऐकलं. आणि टाइप केलं १.२. शाळेत शिकलो होतो ना, दशांशाच्या शेवटी शून्य असलं काय न् नसलं काय, किंमत तीच. गणितात ती तीच असते. पण जमिनीच्या कागदात पॉइंटच्या डावीकडं हेक्टर आणि उजवीकडं आर. शंभर आरांचा एक हेक्टर, म्हणून आरांना दोन घरं लागतात. माझ्या अर्जावरून पुढं कोणीतरी नक्कल करताना ते ‘एक हेक्टर दोन आर’ असं वाचलं आणि लिहिलं १.०२. अठरा आर गेले. आपल्या भाषेत अर्ध्या एकराला दोन गुंठे कमी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली लेखनातली चूक दुरुस्त करता येते, आणि ती झालीही. पण त्यासाठी त्या बाईनं दोन हंगाम हेलपाटे घातले. दर खेपेला ती माझ्यासमोरून जायची, आणि मला एक शब्दही बोलली नाही.

मी एक शून्य वाचवलं होतं, बाळा.

माझा टाइपरायटर निदान बोटाचं ऐकायचा. जी कळ दाबली तेच अक्षर उमटायचं, चूक झाली तर ती माझी. तुझा फोन अंदाज बांधतो. तो आधी आवाज ऐकतो, त्यातून शब्द जुळवतो, आणि मग यातला कुठला शब्द अंकात टाकायचा, कुठला अक्षरात ठेवायचा, हेही आपणच ठरवतो. शेवटची पायरी तुला दिसत नाही. मराठीत बोलून लिहायची सोय गूगलनं २०१७ च्या ऑगस्टमध्ये आणखी सात भारतीय भाषांबरोबर दिली. २०२२ पासून सरकारचं ‘भाषिणी’ही या कामात आहे. मला याचं खरंच कौतुक आहे. ज्याची बोटं कळांवर चालत नाहीत, त्याला यानं लिहितं केलं. पण आपली संख्यानामं मोठी अवघड आहेत, आणि त्या अवघडपणाची जाण फोनला किती असेल यावर विसंबू नकोस. तुला ती हवीच.

जरा तोंडानं म्हणून बघ. पंचेचाळीस. आधी पाच, मग चाळीस. आपण एकक आधी बोलतो आणि दशक मागून. पंच्याहत्तर, पंच्याऐंशी, पंच्याण्णव या तिघांचं तोंड सारखं, फरक सगळा शेपटात. आणि आपला आवाज नेमका शेपटाशी खाली पडतो, वऱ्हाडात तर फारच. त्यात एकोणसाठसारखे आकडे पुढच्या दशकाचं नाव घेऊन येतात. कानाला साठ ऐकू येतं, लिहायचे असतात ५९. सतरा आणि सत्तर, सात आणि साठ, हे तर माणसालाही गर्दीत कळत नाहीत.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात पंचवीसला ‘वीस पाच’ असं वाचायची पद्धत आली, तेव्हा केवढा गहजब झाला होता आठवतं? मंगला नारळीकर बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख होत्या. जोडाक्षरांनी भरलेली ही नावं लहान मुलांना जड जातात, एवढंच त्या सांगत होत्या. मीही तेव्हा चारचौघांत तावातावानं विरोधात बोललो. आजही मला पोरांच्या तोंडी पंचवीसच हवं. पण अडचण खरी आहे, हे मला आता फोनशी बोलताना पटलं, आणि नारळीकर बाईंचं म्हणणं मी तेव्हा नीट ऐकून घ्यायला हवं होतं.

तर तू काय करायचं? आकडा कशाचा आहे, हे आधी मनात ठरव. रक्कम, वजन, भाव हे मोजमापाचे आकडे. ते एका दमात बोल. २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. ‘चार हजार’ म्हणून तू श्वास घेतलास आणि मग ‘आठशे ब्याण्णव’ म्हणालास, तर ४००० आणि ८९२ असे दोन वेगळे आकडे पडू शकतात. याउलट आधार, बँक खातं, पिनकोड हे नुसते ओळखीचे क्रमांक. त्यांना किंमत नाही, फक्त क्रम आहे. ते एकेक अंक सुटा करून सांग. वाशीमचा पिन ‘चार चार चार पाच शून्य पाच’, ‘चार लाख चव्वेचाळीस हजार’ नव्हे. आधारचे बारा अंक चार-चारच्या तीन गटांत बोल. खातेक्रमांकाच्या सुरुवातीला शून्यं असतील तर ती गिळली गेली नाहीत ना, हे मोजून बघ. आयएफएससीची अकरा चिन्हं असतात आणि त्यातलं पाचवं नेहमी शून्यच असतं. तिथं इंग्रजी ओ पडलेला दिसला, की हातानं खोड. आणि गट क्रमांक ‘पंचेचाळीस भागिले दोन’ म्हणून तिरकी रेघ येईल याची खात्री नाही. ती रेघ बोटानंच घाल.

साडे, सव्वा, पावणे, दीड, अडीच हा आपल्या भाषेचा दागिना आहे. सव्वाशे म्हटलं की १२५, पावणेदोनशे म्हटलं की १७५, आणि ‘सव्वा लाख’मधला वरचा पाव पंचवीस हजारांचा. हे कास्तकाराच्या जिभेवर आहे आणि तिथंच राहू दे. ‘काका, नीट आकड्यात सांगा’ असं म्हणून त्याला ओशाळं करू नकोस. तुझी आजी अजून पासष्टला ‘तीन इसा न पाच’ म्हणते. तिचा हिशेब कधी चुकला नाही. कास्तकार बोलेल ते तू मनात फिरवून घे आणि फोनला वेगळं सांग. तुझ्या अर्जातलंच बघ. ‘साडे १२’ मधला ‘साडे’ नक्कल करणाऱ्याच्या नजरेतून सुटला आणि नुसते १२ उरले, तर सोयाबीनच्या त्याच हमीभावानं ६१,१५० चे ५८,७०४ होतात. २,४४६ रुपये एका शब्दात गेले. फोनला ‘बारा पॉइंट पाच शून्य’ सांग, आणि पॉइंट ठिपका म्हणून उमटला की शब्द म्हणून, ते बघ.

क्षेत्र सांगताना तर दोन घरं भरल्याशिवाय थांबूच नकोस: ‘एक पॉइंट दोन शून्य’. दोन आर असतील तर ‘एक पॉइंट शून्य दोन’. ई-पीक पाहणीतही क्षेत्र हेक्टर-आरमध्येच भरायचं असतं. समोरचा माणूस एकर-गुंठ्यांत बोलत असेल तर चाळीस गुंठ्यांचा एकर आणि एकराचे साधारण ४०.४७ आर, हे तोंडपाठ ठेव.

तारीख ‘पाच सहा चोवीस’ अशी बोलूच नये. ‘पाच जून दोन हजार चोवीस’ म्हण, म्हणजे महिना आणि दिवस यांची अदलाबदल व्हायची सोयच राहत नाही. ‘दहा-बारा पोती’ म्हणायचं असेल तर ‘दहा ते बारा’ म्हण. स्वल्पविराम आपल्या पद्धतीचा, १,२५,००० असा, तीन आणि मग दोन-दोन. देवनागरी अंक आणि इंग्रजी वळणाचे अंक एकाच कागदात मिसळू नकोस. बेरजेच्या कोष्टकात देवनागरी अंकांना संगणक पुष्कळदा नुसती अक्षरं समजतो, म्हणून तिथं इंग्रजी आणि अर्जात मराठी असं ठेवलंस तरी चालेल.

आणि उलटंही होतं. प्रत्येक ‘एक’ हा आकडा नसतो. ‘एक दिवस पाणी बांधात शिरलं’ यातला एक मोजायचा नाही. ‘पाचपन्नास माणसं’, ‘चारचौघांसमोर’, ‘तीन तेरा’, इथं अंक घुसले की वाक्य मरतं. अशा जागी फोननं अंक टाकला तर तो पुसून अक्षर लिही.

रकमेच्या बाबतीत मात्र दोन्ही ठेव, अंकी आणि अक्षरी. चेकवर आकडा आणि अक्षरं जुळली नाहीत, तर अक्षरांत लिहिलेली रक्कम धरावी असं १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याचं कलम १८ सांगतं. अक्षरी रक्कम फोनला बोलून लिही, ते त्याला चांगलं जमतं. अंकी रक्कम स्वतः बोटानं टाक. दोन वेगवेगळ्या वाटांनी आलेले आकडे एकमेकांवर पहारा ठेवतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अर्ज झाला की तो ज्याचा आहे त्याला वाचून दाखव, आणि प्रत्येक आकडा ज्या रीतीनं बोललास त्याच्या दुसऱ्या रीतीनं वाच. फोनला ‘एक पॉइंट दोन शून्य’ सांगितलं असेल, तर कास्तकाराला ‘एक हेक्टर वीस आर’ असं वाच. त्यालाच त्याच्या वावराचा आकार ठाऊक असतो. त्याच रीतीनं पुन्हा वाचलंस तर तुझेच कान तुला फसवतील, कारण त्यांना काय ऐकायचं ते आधीच माहीत असतं. याला अर्धं मिनिट लागतं. रांग मोठी असली तरी तेवढा वेळ घे. मागचे लोक थांबतात. मी त्या म्हातारीला तिचा अर्ज वाचून दाखवला होता, पण ‘एक पॉइंट दोन’ असा. तिनं मान हलवली. तिला त्यातलं काय कळणार होतं?

रविवारी इकडं ये. आजीच्या पेटीत आपल्या जुन्या वाटणीपत्राची नक्कल आहे, एकर-गुंठ्यांतली, मोडीतून देवनागरीत उतरवलेली. ती तू फोनला सांग, मी समोर बसून ऐकतो, मग एकेक आकडा आजीला वाचून दाखवू. तिला प्रत्येक धुरा आठवतो. येताना चार्जर आण, इथला बिघडलाय.

तुझा,
काका