हुडहुडी थांबली की जास्त सावध व्हा

गारठून जीव धोक्यात यायला बर्फच लागतो असं नाही. ऐन पावसाळ्यात सह्याद्रीतही ते घडतं. ओलं अंग आणि माथ्यावरचा वारा, एवढं पुरतं. हवेच्या मानाने पाणी शरीरातली उष्णता सुमारे २५ पट वेगाने ओढून घेतं.

हरिश्चंद्रगडाच्या (१,४२४ मीटर) एका पावसाळी ट्रेकला आमच्यातल्या एका मुलाचं असंच झालं. पाचनईहून चढताना तो सगळ्यांच्या पुढे होता, अखंड बडबडत. अंगात सुती टी-शर्ट आणि जीन्स, दोन्ही चिंब. गडावरच्या मंदिराजवळ वारा लागला तसा तो गप्प झाला. सॅकची चेन त्याला उघडेना, सपाटीवर पाय अडखळायला लागले. विचारलं तर जड जिभेने "काही नाही रे" एवढंच. थंडीने विचारशक्तीही मंदावते, त्यामुळे गारठलेला माणूस स्वतःची तक्रार करेलच असं नाही. बोलणं, चालणं आणि बोटांची हालचाल बिघडतेय का, हे सोबत्यांनीच बघायचं.

मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं, चालव त्याला. कुणी तळवे चोळायला पुढे झालं. एकाने सॅकमधून बाटली काढली. प्रथमोपचार शिकलेल्या आमच्या लीडरने तिघांनाही थांबवलं. चोळल्याने कातडीला इजा होते. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. ऊब वाटते, पण आतली उष्णता निघून जाते.

आम्ही त्याला वाऱ्यापासून आडोशाला, गुहेत नेलं. खाली दोन मॅट टाकल्या, कारण दगडही ऊब शोषून घेतो. ओले कपडे काढून अंग टिपलं, कोरडे कपडे आणि कानटोपी घातली, स्लीपिंग बॅगमध्ये झोपवून वरून प्लास्टिक गुंडाळलं. गडावरच्या झोपडीतल्या मामांनी चुलीवर पाणी तापवून दिलं. ते बाटल्यांत भरून, बाटल्या टॉवेलात गुंडाळून छातीवर आणि काखेत ठेवल्या. गरम बाटली उघड्या कातडीला कधीच लावू नये. तो शुद्धीवर होता, कप स्वतः धरत होता, नीट गिळत होता, म्हणूनच गोड चहा दिला. त्याला हुडहुडी भरलेली होती, ही जमेची बाजू. शरीर अजून उष्णता निर्माण करत होतं.

शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेलं की धोका सुरू होतो. साधारण ३२ च्या आसपास कुडकुडणं मंदावतं आणि पुढे थांबतं. माणूस अजून गार आणि पेंगुळलेला असताना ते थांबलं, तर त्याला बरं वाटतंय असं समजू नका. मग त्याला उभं करू नका, चालवू नका. आडवंच ठेवा आणि अलगद हाताळा; धक्क्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. तोंडातून काही देऊ नका. ११२ किंवा १०८ वर मदत मागवा. श्वास चालू आहे का हे पूर्ण एक मिनिट पाहा. नसेल तर सीपीआर सुरू करा. अंग थंडगार लागतंय म्हणून आशा सोडू नका. नॉर्वेत १९९९ मध्ये बर्फाखालच्या ओढ्यात अडकलेल्या डॉक्टर अ‍ॅना बोगेनहोल्म यांचं तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरलं होतं, तरी त्या वाचल्या.

पावसाळी ट्रेकला सुती कपडे टाळा. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून न्या आणि चढताना तो वापरू नका. गटातल्या एकाची जरी बोटं चालेनाशी झाली, तरी सगळ्यांनी थांबायचं. माथा गाठण्याचा विचार त्यानंतर.