घामाचे मोल

प्रास्ताविक

कर्नाटकातील म्हैसूर जिल्ह्यात कपिला नदीच्या काठी नंजनगूड वसले आहे. श्रीकंठेश्वराचे देवालय ही त्याची जुनी ओळख. कॉफी, औषधे अशा मालाच्या कारखान्यांची औद्योगिक वसाहत ही नवी ओळख. अशा कोणत्याही वसाहतीत कामाच्या शोधात आलेल्या मजुराला एखादा ठेकेदार सरकारी दरापेक्षा कमी मजुरी देऊ करतो आणि मजूर गरजेपोटी ‘हो’ म्हणतो. त्याच्या होकाराने ती मजुरी कायदेशीर ठरते काय? या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत पाठात दिले आहे.

हक्काची वाटचाल

१८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार, एवढ्या साध्या गोष्टींसाठी त्या काळी हजारो कामगारांना अर्जावर सह्या कराव्या लागल्या. रविवारची सुट्टी मिळण्यास १८९० साल उजाडले.

पुढे १९४६ साली मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले. १९४८ साली किमान वेतन कायदा अस्तित्वात आला.

होकार की सक्ती?

१९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी दिल्लीत मोठी बांधकामे चालू होती. तेथे मजुराची किमान मजुरी दिवसाला ९ रुपये २५ पैसे होती. तीतून जमादार रोज १ रुपया दलाली कापून घेत. हे प्रकरण एका संघटनेच्या पत्राद्वारे सर्वोच्च न्यायालयापुढे आले.

संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीस मनाई केली आहे. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे हीही सक्तीची मजुरीच होय, असा निर्णय न्यायालयाने दिला. सक्ती केवळ काठीची नसते. भूक आणि दारिद्र्य यांचीही असते. म्हणून गरजेपोटी दिलेल्या होकाराने कमी मजुरी कायदेशीर ठरत नाही.

आजचा कायदा

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कायद्याची जागा ‘वेतन संहिता, २०१९’ ने घेतली आहे. नंजनगूडच्या खाजगी कारखान्यासाठी किमान वेतन कर्नाटक सरकार ठरविते. कामातील कौशल्य आणि प्रदेश यांनुसार दर वेगवेगळे असू शकतात. मात्र केंद्र सरकारने ठरविलेल्या पायाभूत वेतनाहून ते कमी असू शकत नाहीत. संहितेतील प्रमुख तरतुदी अशा :

१. मासिक वेतन पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत मिळावे.
२. जादा कामाचा मोबदला नेहमीच्या दराच्या किमान दुप्पट असावा.
३. समान कामासाठी स्त्री-पुरुषांच्या वेतनात भेद करू नये.
४. कामावरून काढल्यास अथवा राजीनामा दिल्यास कामाच्या दोन दिवसांत हिशेब चुकता करावा.
५. मालकाने वेतनचिठ्ठी द्यावी.

ठेकेदाराने वेतन बुडविले, तर ते देण्याची जबाबदारी आस्थापनेच्या मालकावर येते.

दाद कशी मागावी?

कमी वेतन मिळाल्यास कामगार स्वतः किंवा नोंदणीकृत कामगार संघटनेमार्फत नेमलेल्या अधिकाऱ्याकडे दावा दाखल करू शकतो. मुदत ३ वर्षांची आहे. देय वेतन दिले आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. दावा मान्य झाल्यास थकित रकमेखेरीज तिच्या दहा पटींपर्यंत भरपाई मिळू शकते. तरीही हजेरी, जादा तास आणि मिळालेली रक्कम यांची नोंद कामगाराने स्वतःच्या वहीत रोज करणे हिताचे असते. ज्याला दोन ओळी लिहिता येतात, त्याला फसविणे कठीण जाते.

शब्दार्थ

वेठबिगार – सक्तीने करून घेतलेले काम
आस्थापना – कारखाना, दुकान इत्यादी कामाचे ठिकाण
देय – देणे असलेले

स्वाध्याय

१. लोखंडे यांची पगाराच्या तारखेबाबतची मागणी आणि आजची तरतूद यांची तुलना करा.
२. रोज १ रुपया कापल्यास ९ रुपये २५ पैसे मजुरी असलेल्या कामगाराचे २६ दिवसांत किती नुकसान होईल? ती रक्कम त्याच्या किती दिवसांच्या मजुरीइतकी आहे?
३. ‘भूक हीसुद्धा सक्तीच आहे.’ हे विधान पाच-सहा वाक्यांत स्पष्ट करा.