दोन शक्तींची गाडी

‘हायब्रीड’ हा शब्द महाराष्ट्रातील शेतकऱ्याला ज्वारीमुळे परिचित झाला. १९६४ साली संकरित ज्वारीचे पहिले वाण आले आणि पुढे हा शब्द खेडोपाडी रुळला. दोन निरनिराळ्या वाणांचे गुण एका रोपात आणणे, हा त्यातील हेतू होता. मोटारगाडीच्या बाबतीतही अर्थ जवळजवळ तोच आहे. जिच्यात पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर ही दोन्ही असतात, ती संकरित मोटारगाडी होय.

ही कल्पना नवी नव्हे. १९०० साली फर्डिनांड पोर्शे या तरुण अभियंत्याने अशी एक गाडी सिद्ध केली होती. तिच्यातील पेट्रोलची इंजिने वीज उत्पन्न करीत आणि त्या विजेवर चाकांतील मोटरी फिरत. परंतु विजेचा साठा करणारी बॅटरी फार जड असे. पेट्रोल मात्र स्वस्त होते व मुबलक मिळत होते. त्यामुळे ही कल्पना मागे पडली.

पुढे काळ बदलला. १९७३ साली खनिज तेलाच्या किमती एकाएकी कडाडल्या. ज्या देशांना बहुतेक सर्व तेल बाहेरून आणावे लागे, त्यांना मोठा हादरा बसला. जपान हा त्यांपैकीच एक. शिवाय, कोळसा आणि तेल जाळल्याने हवेत साचणारा कार्बन डायऑक्साइड वायू पृथ्वीचे तापमान वाढवीत आहे, ही जाणीवही शास्त्रज्ञांत दृढ होत गेली.

अशा काळात, १९९३ साली, टोयोटा कंपनीने एकविसाव्या शतकाला साजेशी गाडी तयार करण्याचे काम हाती घेतले. त्याची धुरा पुढे ताकेशी उचियामादा या अभियंत्याकडे आली. तितक्याच पेट्रोलात दीडपट अंतर कापणारी गाडी करावी, असा प्रथम संकल्प होता. वरिष्ठांना तेवढ्याने समाधान वाटेना. त्यांनी दुपटीचा आग्रह धरला. मग दोन शक्तींची जोड देण्यावाचून गत्यंतर उरले नाही. १९९५ च्या अखेरीस पहिली चाचणीची गाडी उभी राहिली. पण ती जागची हलेना! दोष शोधता शोधता ४९ दिवस गेले. त्यानंतर ती चालली, तीही जेमतेम ५०० मीटर. तरीही अभियंत्यांनी धीर सोडला नाही. डिसेंबर १९९७ मध्ये ‘प्रियस’ या नावाने ती गाडी जपानमध्ये विक्रीस आली. योगायोग असा, की पृथ्वीच्या तापमानवाढीचा विचार करण्यासाठी निरनिराळ्या राष्ट्रांचे प्रतिनिधी त्याच महिन्यात जपानमधील क्योटो येथे जमले होते.

या गाडीत पेट्रोल वाचते ते कसे? साध्या गाडीत पेट्रोलमधील शक्तीचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. गाडी चौकात थांबली, तरी इंजिन धडधडत राहते. सावकाश चालताना तर ते फारच उधळे होते. वेगात आलेली गाडी थांबवण्यासाठी चालक ब्रेक दाबतो, तेव्हा ब्रेक तापतात आणि मोठ्या खर्चाने मिळवलेली गती क्षणार्धात उष्णता होऊन हवेत विरून जाते.

संकरित गाडी ही उधळपट्टी रोखते. गाडी थांबली की इंजिनही थांबते. पुन्हा निघताना पहिली ओढ विजेची मोटर देते. वेग वाढला, म्हणजे इंजिन कामाला लागते आणि चढावर दोघे मिळून भार वाहतात. सर्वांत मोठी युक्ती ब्रेक दाबताना दिसून येते. त्या वेळी चाकेच मोटरीला फिरवतात. एरवी वीज घेऊन फिरणारी मोटर आता फिरून वीज निर्माण करते आणि ती वीज बॅटरीत साठते. जे वाया जात होते, त्यातील काही भाग असा पुन्हा कामी येतो. म्हणूनच वारंवार थांबावे लागणाऱ्या शहरी रस्त्यांवर या गाडीचा लाभ अधिक. लांबच्या मोकळ्या रस्त्यावर, जेथे ब्रेक क्वचितच लागतो, तेथे तो कमी.

या लाभाचे मोजमाप एका हिशोबाने करता येईल. १ लिटर पेट्रोल जळाले, की सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पेट्रोलचे वजन पाऊण किलोग्रॅमच्या आसपास असते. पण जळताना त्यातील कार्बनशी हवेतील ऑक्सिजन संयोग पावतो, म्हणून वायूचे वजन अधिक भरते. आता समजा, एक साधी गाडी १ लिटरमध्ये १५ किलोमीटर जाते आणि तेवढीच मोठी संकरित गाडी २४ किलोमीटर जाते. वर्षाकाठी १२,००० किलोमीटर प्रवास झाला, तर पहिलीला ८०० लिटर पेट्रोल लागेल आणि दुसरीला ५०० लिटर. म्हणजे ३०० लिटर पेट्रोल वाचेल आणि सुमारे ६९० किलोग्रॅम वायू हवेत जाणार नाही. ही बचत लहान नव्हे. परंतु उरलेल्या ५०० लिटरचा धूर होतोच, हेही विसरता कामा नये.

हिशोबात जमेबरोबर खर्चही मांडावा लागतो. बॅटरीसाठी निकेल किंवा लिथियम यांसारखे धातू लागतात आणि मोटरीतील प्रभावी चुंबकांसाठी निओडिमियम लागतो. हे धातू खाणींतून काढावे लागतात. त्यासाठी डोंगर फोडले जातात, पाणी दूषित होण्याचा धोका असतो आणि धातू शुद्ध करण्यात पुष्कळ इंधन खर्ची पडते. त्यामुळे संकरित गाडी कारखान्यातून बाहेर पडते, ती साध्या गाडीपेक्षा थोडे अधिक ऋण माथ्यावर घेऊनच. मात्र पेट्रोलच्या गाडीपासून जी हानी होते, तिच्यातील मोठा वाटा गाडी घडवण्याचा नसून ती वर्षानुवर्षे चालवण्याचा असतो. म्हणून वाचलेल्या पेट्रोलातून ते ऋण हळूहळू फिटते. जुन्या बॅटरीतील धातू पुन्हा वापरला, तर खाणींवरील भारही हलका होतो. जुन्या बॅटरीतील निकेल नव्या बॅटरीसाठी वापरण्याचे काम टोयोटाने २०१० साली सुरू केले.

यापुढचा प्रश्न यंत्राचा नसून माणसाचा आहे. संकरित गाड्यांचा आणखी एक प्रकार आहे. त्यांतील बॅटरी मोठी असते आणि ती घरच्या विजेवरही भरता येते. चाचणीत अशा गाड्या अत्यंत कमी धूर सोडतात. परंतु २०२४ साली युरोपीय आयोगाने रस्त्यावरील प्रत्यक्ष नोंदी प्रसिद्ध केल्या, तेव्हा त्यांचा कार्बन डायऑक्साइड चाचणीतील आकड्याच्या सुमारे साडेतीनपट भरला. याचे मुख्य कारण असे, की त्या गाड्यांच्या बॅटऱ्या अपेक्षेइतक्या वेळा विजेवर भरल्या जात नव्हत्या. साधन हाताशी होते. त्याचा उपयोग झाला नाही.

याहून सूक्ष्म असा धोका विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच ओळखला होता. वाफेची इंजिने सुधारली आणि तेच काम थोड्या कोळशात होऊ लागले. तरी इंग्लंडमध्ये कोळशाचा खप घटला नाही, उलट वाढला. काम स्वस्त झाले, म्हणून लोक ते अधिक करू लागले. मोटारगाडीचेही तसेच होऊ शकते. वरील उदाहरणातील संकरित गाडीच्या मालकाने पेट्रोल कमी लागते म्हणून वर्षाला १२,००० ऐवजी १९,२०० किलोमीटर प्रवास केला, तर पुन्हा ८०० लिटरच पेट्रोल जळेल. अभियंत्यांनी वर्षानुवर्षे खपून मिळवलेली बचत अशा रीतीने पार नाहीशी होईल.

संकरित गाडी हवेची शत्रू नव्हे, तशीच ती तारणहारही नव्हे. ती एक काटकसरी सेवक आहे. सेवकाने वाचवलेले धन धन्याने राखले, तरच घराची भरभराट होते. जवळचे अंतर पायी किंवा सायकलने जाणारा, दूरच्या प्रवासाला बस आणि आगगाडी पसंत करणारा आणि खरी गरज असेल तेव्हाच मोटार काढणारा मनुष्य या गाडीचे सार्थक करतो. यंत्र पेट्रोल वाचवू शकते. वाचलेले पेट्रोल वाचलेलेच ठेवणे मात्र माणसाच्या हाती आहे.

स्वाध्याय

१. संकरित मोटारगाडी कशाला म्हणतात?
२. ब्रेक दाबला असता साध्या गाडीत काय होते आणि संकरित गाडीत काय होते?
३. संकरित गाडी ‘ऋण माथ्यावर घेऊन’ कारखान्यातून बाहेर पडते, असे का म्हटले आहे? ते ऋण कसे फिटते?
४. जेव्हन्सने ओळखलेला धोका तुमच्या शब्दांत सांगा.
५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : धुरा वाहणे, गत्यंतर नसणे, धीर सोडणे, सार्थक करणे.
६. विरुद्धार्थी शब्द लिहा : जमा, काटकसरी, मुबलक, स्वस्त.
७. तुमच्या घरी आठवड्यात कोणकोणत्या वाहनांनी प्रवास होतो, याची नोंद करा. त्यांतील कोणता प्रवास पायी करता आला असता, यावर दहा ओळी लिहा.