कुत्र्यांचे कपडे विकायचेत? आधी टेप हातात घ्या

व्हिडिओत मापं दाखवली, आता त्यामागचा हिशोब बघू.

पहिल्या दिवाळीत मी कुत्र्यांसाठी 30 शेरवान्या शिवून घेतल्या. स्मॉल, मीडियम, लार्ज, सगळं अंदाजाने! लॅब्रॅडॉरच्या छातीला बसेना, पगच्या पाठीवरून लोंबायची. 19 पडून राहिल्या. एकीचा खर्च 220, म्हणजे 4,180 रुपये अडकले.

आता तीन मापं घेतो: गळा, पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि गळ्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठ. छाती सर्वांत महत्त्वाची. टेपखाली दोन बोटं सहज जायला हवीत. शेरवानी ऑर्डरनेच, निम्मे पैसे आधी.

कापड सुती घ्या. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. जाड जरीत त्याला उकडतं. टिकल्या, सुटी बटणं नकोत, चावून गिळतो. वेल्क्रो लावा.

कपडा घातल्यावर कुत्रा कान पाडून थिजला, तर विकू नका. गळ्यातला साधा रुमाल सुचवा. आज पैसे कमी मिळतील, पण ते गिऱ्हाईक पुन्हा तुमच्याकडेच येतं.

गृहपाठ: ओळखीच्या पाच कुत्र्यांची मापं वहीत लिहा. कापड खरेदी त्यानंतरच!