फ्रेंच भाषेचा दिवस

(पुण्यात अनेक विद्यार्थी फ्रेंच भाषा शिकतात व तिचा दिवस साजरा करतात. दुसऱ्याची भाषा शिकल्याने माणसे कशी जवळ येतात, हे या पाठात सांगितले आहे.)

आपल्या पुण्यात मराठी, उर्दू, हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू अशा कितीतरी भाषा रोज आपल्या कानांवर पडतात. याच शहरात फ्रेंच ही दूर देशाची भाषाही शिकवली जाते. फर्ग्युसन महाविद्यालय रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पुणे विद्यापीठाचे फ्रेंचचे वर्ग अनेक वर्षे भरत आले आहेत. फ्रेंच भाषेच्या प्रसारासाठी १८८३ साली पॅरिसमध्ये 'आलियाँस फ्राँसेझ' ही संस्था स्थापन झाली. त्याच नावाची संस्था पुण्यातही आहे. शहरातील काही शाळांतही मुले फ्रेंच शिकतात.

२० मार्च हा फ्रेंच भाषेचा दिवस मानला जातो. १९७० साली याच दिवशी आफ्रिकेतील नायजर देशाच्या राजधानीत, नियामे येथे, फ्रेंच बोलणाऱ्या देशांनी एकत्र येऊन एक संघटना स्थापन केली. फ्रेंच ही केवळ फ्रान्सची भाषा राहिलेली नाही. आफ्रिकेतील अनेक देशांत आणि कॅनडातही ती बोलली जाते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांपैकी ती एक आहे.

असा दिवस साजरा करताना शाळा सजते. मुले फलकावर आयफेल मनोऱ्याचे चित्र काढतात, दाराशी उभी राहून 'बोंजूर' म्हणत पाहुण्यांचे स्वागत करतात, गाणी म्हणतात, छोटेसे नाटक बसवतात. एखादी मुलगी संवाद विसरते, दुसरी तिला हळूच आठवण करून देते. कार्यक्रम संपतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा व्याकरण सुरू होते. भाषेची खरी ओळख तेथेच होते.

ही ओळख मोठी गमतीची असते. फ्रेंचमध्ये जवळच्या माणसाला 'तू' म्हणतात. उच्चारही जवळजवळ आपल्या 'तू'सारखाच. वडीलधाऱ्यांना किंवा अनोळखी माणसाला 'व्हू' म्हणतात. म्हणजे मराठीतील 'तुम्ही' आणि उर्दूतील 'आप' तेथेही आहेच. ऐंशीला फ्रेंचमध्ये 'चार विसा' अशा अर्थाचा शब्द आहे. आपल्याकडे खेड्यातील जुनी माणसे 'चार विसा' असेच मोजत आली आहेत. साखरेला फ्रेंचमध्ये 'स्युक्र' म्हणतात. संस्कृतातील शर्करा इराणात 'शकर' झाली, अरबस्तानात 'सुक्कर' झाली आणि समुद्र ओलांडून पॅरिसच्या कपात पोहोचली.

अडचणीही सारख्याच. उर्दूत 'किताब अच्छी' असते, मराठीत 'पुस्तक चांगले' असते आणि फ्रेंचमध्ये पुस्तक पुल्लिंगी असते. आपण कधी 'पुस्तक चांगली आहे' असे म्हणतो आणि कोणीतरी हसते. पण मराठी बोलणारी मुलगी फ्रेंचच्या वर्गात अशीच अडखळते. तिला तेथे जे वाटते, तेच आपल्याला मराठीच्या तासाला वाटते. जो नवी भाषा शिकतो, तो काही काळ लहान मूल होतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

फ्रेंच माणसांनीही आपल्या भाषा अशाच शिकून घेतल्या. गार्सां द तासी (१७९४–१८७८) हे पॅरिसमध्ये हिंदुस्थानी भाषेचे प्राध्यापक होते. त्या काळी उर्दूला हिंदुस्थानी असेही म्हणत. ते हिंदुस्थानात कधीच आले नाहीत. तरीही १८३४ साली त्यांनी दख्खनचा कवी वली याचे काव्य पॅरिसमध्ये छापून प्रसिद्ध केले. उर्दू भाषेवर त्यांनी दिलेल्या व्याख्यानांचा उर्दू अनुवाद पुढे त्या वेळच्या औरंगाबादेतूनच प्रसिद्ध झाला. दख्खनचा शायर पॅरिसला गेला आणि पॅरिसचे प्राध्यापक ग्रंथरूपाने दख्खनला आले!

गी दलरी या फ्रेंच अभ्यासकाने मराठी शिकून संत तुकारामांचे निवडक अभंग फ्रेंचमध्ये नेले. ते पुस्तक १९५६ साली प्रसिद्ध झाले. विठ्ठलभक्तीवरील त्यांचा ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६० साली काढला.

गी प्वातव्हँ हे तर १९७२ साली पुण्यात येऊन राहिले आणि २००४ साली मृत्यू येईपर्यंत येथेच काम करीत राहिले. पूर्वी खेड्यांतील बायका पहाटे जात्यावर दळताना ओव्या म्हणत. माहेर, भाऊ, लेकरे, सासरचा जाच, सारे त्या ओव्यांत येई. गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या, जाती थांबली आणि ओव्या विसरल्या जाऊ लागल्या. प्वातव्हँ, हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मावळ-मुळशीच्या डोंगराळ भागातून सुरुवात करून हजाराहून अधिक गावांतील एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या कितीतरी बायकांचे शब्द त्यामुळे टिकले. प्वातव्हँ यांना मराठी परकी होती. पण त्या आजीबाईंशेजारी बसून ऐकण्याइतकी त्यांनी ती आपली केली.

मित्रांनो, घरी आपण उर्दू बोलतो. मराठी शिकल्याने आपली उर्दू कमी होत नाही. फ्रेंच शिकल्याने पुण्याच्या मुलांची मराठी कमी होत नाही. दवाखान्यात, बसमध्ये, कचेरीत मराठी उपयोगी पडते, हे आपण जाणतोच. त्याहून मोठी गोष्ट अशी, की शेजारच्या माणसाचे सुखदुःख आपल्याला त्याच्याच शब्दांत कळते. तुमच्या ओळखीत जात्यावर दळलेल्या एखाद्या आजी असतील, तर त्यांच्याकडे जा. त्यांना एक ओवी म्हणायला सांगा आणि वहीत लिहून घ्या. एखादा शब्द अडला, तर त्यांनाच विचारा. त्या आनंदाने सांगतील.

शब्दार्थ
अधिकृत – मान्य केलेली
वडीलधारे – वयाने मोठे
अडखळणे – बोलताना थांबणे
अनुवाद – भाषांतर, तर्जुमा
जाते – धान्य दळण्याचे दगडी साधन, चक्की
जाच – त्रास
परकी – आपली नसलेली

स्वाध्याय
१. २० मार्च हा दिवस का साजरा करतात?
२. फ्रेंच भाषा आपल्या भाषांशी कोठे जुळते, ते दोन उदाहरणे देऊन लिहा.
३. ओव्या विसरल्या जाण्याचे कारण काय?
४. 'जो नवी भाषा शिकतो, तो काही काळ लहान मूल होतो.' या वाक्याविषयी तुमचा अनुभव पाच-सहा वाक्यांत लिहा.