डोळे मिटून घड्याळखरेदी : एक अभ्यास

आपल्या हॉस्टेलवर नवीन गॅजेट घ्यायची एक ठरलेली पद्धत आहे. एकजण घेतो, सगळी विंग त्याच्या रूमवर जमते, प्रत्येकजण ते हातात घेऊन "मस्त आहे यार" म्हणतो आणि पुढच्या महिन्यात आणखी तिघांकडे तेच दिसतं. का घेतलं, असं कुणी कुणाला विचारत नाही.

गेल्या सेमिस्टरला मात्र माझ्या रूम पार्टनरने मला विचारलं, "मी अल्ट्रा घेऊ का? नीट अभ्यास करून सांग."

पार्टनरला तुम्ही सगळे ओळखता. मेसच्या रांगेत पांढरी काठी घेऊन उभा असतो तो. त्याला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. शाळेत असताना आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग बाजूचं, आणि आता फक्त उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. त्याच्या मनगटावर अ‍ॅपल वॉच एसई आहे, २०२२ चं मॉडेल, मामांनी दिलेलं. त्याला हवं होतं त्याच कंपनीचं अल्ट्रा. २०२२ साली ते भारतात आलं तेव्हा किंमत होती ८९,९०० रुपये आणि २०२३ च्या अल्ट्रा २ ची किंमतही तेवढीच होती. इंटर्नशिपचा स्टायपेंड आणि साठवलेली स्कॉलरशिप मिळून पार्टनरकडे जेमतेम तेवढेच पैसे होते. लॅपटॉप जुना, चार जीबी रॅमचा. त्यावर स्क्रीन रीडर आणि कंपायलर एकदम चालू केले की आवाज अडखळतो.

प्रश्नामागे एक प्रसंग होता. जुलैमध्ये तो शहरातून एकटा बसने आला. धो धो पाऊस. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बॅगेत, आणि रस्ता सांगायचं काम घड्याळाकडे. वळण आलं की ते मनगटावर टकटक करतं. संध्याकाळी सातच्या सुमारास घड्याळाची बॅटरी संपली. नेहमीचा रस्ता पाइपलाइनसाठी खणलेला. तो कोपऱ्यावर वीस मिनिटं तसाच उभा होता. शेवटी एका भाजीवाल्या मावशींनी त्याला गेटपर्यंत आणून सोडलं. त्या वीस मिनिटांबद्दल तो फारसं बोलत नाही. पण त्यानंतरच अल्ट्राचा विषय निघाला.

म्हणजे हा शौकाचा प्रश्न नव्हता. म्हणून ठरवलं, लॅबमध्ये करतो तसा रीतसर अभ्यास करायचा.

१. न बघता घड्याळ कसं "बघतात"?

बोटांनी वेळ बघण्याची कल्पना जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये ब्रेगे या घड्याळजीने बाहेरून चाचपून वेळ कळेल अशी घड्याळं बनवली होती. आपल्याकडे एचएमटीचं ब्रेल घड्याळ होतं. त्याचं झाकण उघडायचं आणि काटे व उठावाचे ठिपके बोटाने चाचपायचे. पार्टनरच्या एका सरांकडे ते अजून चालू आहे. मग बोलकी घड्याळं आली. स्वस्त आणि उपयोगी, पण भर लेक्चरमध्ये बटण दाबलं गेलं की सगळ्या वर्गाला वेळ सांगतात!

स्मार्टवॉच म्हणजे गुळगुळीत काच. काचेवर चाचपायला काही नसतं. ही अडचण स्क्रीन रीडर सोडवतो. अ‍ॅपल वॉच २०१५ मध्ये बाजारात आलं तेव्हापासूनच त्यात व्हॉइसओव्हर आहे. बोट ज्यावर ठेवाल त्याचं नाव बोलतं, दोनदा टॅप केलं की ते उघडतं. अँड्रॉइडवाल्यांसाठी वेअर ओएसच्या घड्याळांत टॉकबॅक असतं. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या हातात दोन-दोन हजारांची जी स्मार्टवॉच आहेत, त्यांतल्या बहुतेकांत स्क्रीन रीडरच नसतो. पार्टनरच्या भाषेत, "काच म्हणजे नुसती काच."

व्हॉइसओव्हरमधली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे टॅप्टिक टाइम. घड्याळ न बोलता मनगटावर ठोके देऊन वेळ सांगतं. समजा ७ वाजून २३ मिनिटं झाली. अंकांच्या पद्धतीत दर दहाला एक लांब ठोका आणि उरलेल्या प्रत्येक एककाला एक छोटा. म्हणजे आधी सात छोटे, मग दोन लांब आणि तीन छोटे. थोडक्यातल्या पद्धतीत दर पाच तासांना एक लांब, उरलेल्या तासांना छोटे, मग दर पाव तासाला एक लांब. म्हणजे एक लांब, दोन छोटे, एक लांब. "सव्वासात वाजून गेलेत" एवढं कळलं, बस! तिसरी पद्धत मोर्स कोडची. व्हायवाला सरांसमोर बसूनही पार्टनरला वेळ कळते आणि सरांना पत्ता लागत नाही. (सर, हे वाचत असाल तर माफ करा.)

२. सात दिवसांची नोंद

पहिली पायरी म्हणून पार्टनर घड्याळ कशाकशासाठी वापरतो हे सात दिवस लिहून काढलं. क्रम असा लागला. सर्वांत जास्त वेळा वेळ बघणं. मग कुणाचा मेसेज आला ते ऐकणं. मग टायमर आणि अलार्म. मग रूममध्ये कुठेतरी ठेवलेला फोन वाजवून शोधणं. आणि शेवटी रस्ता. रस्त्यासाठी वापर आठवड्यातून दोनतीनदाच, पण घड्याळ बंद पडलं तर सर्वांत महागात पडणारा वापरही तोच.

३. डोळे, कान आणि हात

एका पासआउट सीनियरकडे अल्ट्रा २ आहे. त्याने ते स्वतःच्या फोनपासून तोडून शनिवार-रविवारसाठी आम्हाला दिलं. एवढं मोठं मन दाखवल्याबद्दल त्याचे आभार. आम्ही दोन्ही घड्याळं तीन निकषांवर तपासली.

डोळे : अल्ट्रा २ चा स्क्रीन ३००० निट्सपर्यंत उजळतो आणि सदैव चालू राहतो. पार्टनरने पहिल्याच मिनिटाला स्क्रीन कर्टन चालू केला. या सोयीने स्क्रीन पूर्ण काळा होतो आणि व्हॉइसओव्हर चालू राहतो. मेसेज दुसऱ्याने वाचू नयेत म्हणून तो ही सोय वापरतो. ३००० निट्सचे शून्य निट्स झाले! घड्याळाच्या किमतीतला स्क्रीनचा जो काही वाटा असेल, तो त्याच्या दृष्टीने पाण्यात.

पण मोठ्या आकाराचा एक फायदा निघाला, जो माझ्या डोक्यातही आला नसता. व्हॉइसओव्हरला काही कामांसाठी दोन-तीन बोटं एकदम टेकवावी लागतात. एसईच्या छोट्या काचेवर तीन बोटं म्हणजे मुंबईची लोकल. अल्ट्रावर ती आरामात बसतात. उलट बाजूला वजन. एसई सुमारे ३३ ग्रॅम, अल्ट्रा सुमारे ६१.

कान : अल्ट्राला दोन स्पीकर आहेत. एसटी स्टँडवर नेऊन बघितलं. एसईचा आवाज कंडक्टरच्या आरोळीत बुडाला, अल्ट्राचा ऐकू आला. हा गुण अल्ट्राला. पण पार्टनर म्हणाला, "स्टँडवर माझे कान गाड्यांसाठी लागतात. घड्याळाने तिथे बोलूच नये, ठोके द्यावेत." आणि ठोके दोन्हींत आहेत. अल्ट्रात ८६ डेसिबलचा सायरनही आहे, १८० मीटरपर्यंत ऐकू जाणारा. त्यावर पार्टनर म्हणाला, "मी ओरडलो तर त्याहून लांब जाईल."

हात : हा सर्वांत महत्त्वाचा निकष आणि हाच माझ्या यादीत नव्हता. विचार करा. पार्टनरच्या उजव्या हातात काठी, डाव्या मनगटावर घड्याळ. घड्याळाला हात लावायचा कोणी? उजव्याने. म्हणजे काठी थांबली, माणूसही थांबला. दोन्ही हात मोकळे आहेत हे आपण डिझाइन करताना गृहीतच धरतो!

अल्ट्राच्या कडेला एक अ‍ॅक्शन बटण आहे. ते चाचपून सापडतं, त्याला हवं ते काम लावून देता येतं. गुळगुळीत काचेपेक्षा कितीतरी बरं, पण दाबायला उजवा हात लागतोच. खरा उपाय निघाला हातवाऱ्यांचा. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांना टेकवायची किंवा मूठ आवळायची, की घड्याळ ते ओळखतं. व्हॉइसओव्हर असा एका हाताने चालवता येतो, आणि ही सोय पार्टनरच्या एसईमध्येही आधीपासून होती. सेटिंगमध्ये दडलेली. दोन वर्षं घड्याळ वापरून त्याला माहीत नव्हती, मलाही नव्हती. ९० हजारांच्या घड्याळाचा अभ्यास करताना जुन्या घड्याळातली फुकटची सोय सापडली.

४. जीपीएसचं गणित

ई अँड टीसीवाल्यांसाठी हा भाग. साधं जीपीएस एल-१ या फ्रीक्वेन्सीवर (१५७५.४२ मेगाहर्ट्झ) चालतं. अल्ट्रा एल-१ बरोबर एल-५ (११७६.४५ मेगाहर्ट्झ) सुद्धा वापरतं. फायदा काय? शहरात सिग्नल इमारतींवर आपटून उशिरा पोचतो आणि रिसीव्हर फसतो. यालाच आपण मल्टिपाथ म्हणून पाठ करतो. एल-१ च्या नागरी कोडचा चिप रेट सेकंदाला १०.२३ लाख, म्हणजे एका चिपची लांबी सुमारे २९३ मीटर. एल-५ चा चिप रेट दहापट, लांबी सुमारे २९ मीटर. चिप जितकी लहान तितका मूळ सिग्नल आणि आपटून आलेला सिग्नल वेगळा काढणं सोपं. गल्लीबोळात अल्ट्रा सरस ठरतं ते यामुळे.

मी हे सगळं पार्टनरला उत्साहाने समजावलं. त्याने विचारलं, "म्हणजे मी रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे ते कळेल?" खात्रीने नाही. मोकळ्या आकाशाखालीसुद्धा साध्या जीपीएसची चूक चार-पाच मीटरची असते. एल-५ ने ती कमी होईल, पण आपला फुटपाथ जेमतेम एक मीटरचा. आणि खणलेला खड्डा कुठल्याच उपग्रहाला दिसत नाही. तो काठीलाच कळतो. काठीची जागा घड्याळ घेऊ शकत नाही, हे या भागाचं उत्तर.

५. खरा बिघाड कुठे होता?

उरली बॅटरी. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे एसई १८ तास, अल्ट्रा २ साठी ३६ तास. दुप्पट! इथे मी जवळजवळ "घे" म्हणालो होतो. पण सकाळी सहाला चार्जिंगवरून काढलेलं घड्याळ त्या दिवशी सातला, म्हणजे तेरा तासांत कसं संपलं? सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ बघितली. ७८ टक्के. ८० च्या खाली गेली की बॅटरी बदला, असं कंपनीच सांगते. शिवाय दिवसभर बोलणं आणि वर रस्ता दाखवणं. गणित जुळलं.

म्हणजे त्या पावसात दगा दिला तो एसई या मॉडेलने नाही, दमलेल्या बॅटरीने दिला. बॅटरी बदलण्याचा खर्च नव्या अल्ट्राच्या तुलनेत अगदीच थोडा. त्यात दुपारच्या जेवणाच्या वेळी अर्धा तास चार्जिंगची सवय लावली की संध्याकाळ निभावते. आणि महत्त्वाचं म्हणजे पावसातही फोन बॅगेत न ठेवता खिशात, वॉटरप्रूफ पाउचमध्ये. एका यंत्रावर सगळा भार टाकायचा नाही, हे आपल्याला रिलायबिलिटीच्या पहिल्या लेक्चरला शिकवलेलं असतं.

६. यादीत राहून गेलेली ओळ

मी निष्कर्ष लिहिला : "अल्ट्रा घेऊ नये. बॅटरी बदलावी. उरलेल्या पैशांत लॅपटॉप." मोठ्या ऐटीत वाचून दाखवला. पार्टनर शांत ऐकत होता. मग म्हणाला,

"अभ्यास चांगला झालाय. पण एक ओळ राहिली. मला ते आवडलंय का, हे तू विचारलंच नाहीस."

मी म्हटलं, "पण गरज..."

"तू मागच्या वर्षी फोन घेतलास तेव्हा गरजेची यादी केली होतीस? तुझ्या फोनचा कॅमेरा चांगला म्हणून घेतलास आणि फोटो काढतोस मेसच्या मेनूचे. आंधळ्याने काही घेतलं की मात्र सगळे विचारतात, याला काय करायचंय? काकासुद्धा तेच म्हणाले. टायटॅनियमची ती कड हाताला किती छान लागते, माहितीये तुला? मलाही भारी वस्तू वापराव्याशा वाटतात यार."

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

शेवटी निर्णय त्याने स्वतः घेतला. बॅटरी बदलली, लॅपटॉप घेतला. आता त्याचा स्क्रीन रीडर अडखळत नाही. अल्ट्रा रद्द केलेलं नाही, पुढे ढकललं आहे. "पहिल्या पगारात घेणार, आणि तेव्हा कुणाला यादी दाखवणार नाही," असं तो म्हणतो. मी यादी मागणार नाही, असं कबूल केलं आहे.

जाता जाता एक विनंती. दरवर्षी आपल्या प्रोजेक्ट एक्झिबिशनमध्ये अल्ट्रासॉनिक सेन्सर लावलेली "अंधांसाठी स्मार्ट काठी" किंवा चष्मा असतोच. आयआयटी दिल्लीने अशी स्मार्टकेन २०१४ मध्येच बाजारात आणली आहे, म्हणजे कल्पना काही वाईट नाही. पण आपल्या कॉलेजात तीन वर्षांत एकाही ग्रुपने पार्टनरला येऊन विचारलं नाही की बाबा, तुझा कुठला हात मोकळा असतो? मीही विचारलं नव्हतं, आणि मी तर त्याच्या शेजारच्या कॉटवर झोपतो.

या वर्षीच्या ग्रुपने जरूर या. रूमचं दार उघडंच असतं. फक्त आत आल्यावर आधी आपलं नाव सांगा, नुसते येऊन उभे राहू नका.