गुलमर्गचा बर्फ, नात आणि आजी

प्रश्न : जानेवारीत सात वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाईंसह गुलमर्गला जात आहोत. सगळ्यांना झेपेल असं काय करता येईल?

उत्तर : बेत छान आहे, फक्त घाई करू नका. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे उंचीची सवय व्हावी म्हणून आधी एक-दोन दिवस श्रीनगरला राहा आणि गुलमर्गलाही किमान एक मुक्काम करा.

पहिल्या दिवशी घसरगाडी आणि बर्फातले खेळ पुरेत. दुसऱ्या दिवशी मुलीला सौम्य उतारावर प्रशिक्षकासोबत स्कीइंग शिकू द्या. मुलं लवकर दमतात, म्हणून एक-दोन तासांत थांबा. हेल्मेट हवंच.

गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, सुमारे ३,०८० मीटरवर जातो. सासूबाईंना हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास नसेल, तर तिथवर सगळे जा. दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर, ३,९०० मीटरच्या पुढे नेतो. तिथे मुलीला आणि सासूबाईंना नेऊ नका. तिकिटं आधीच ऑनलाइन काढा.

अंगालगत सुती कपडे नकोत. घामाने भिजले की ते गारठवतात. थर्मल, त्यावर लोकर, वर जलरोधक जाकीट घाला. बर्फावरून परावर्तित होणारं ऊन डोळ्यांना बाधतं, म्हणून गॉगल विसरू नका. पाणी पीत राहा. डोकेदुखीसोबत उलटी झाली किंवा धाप लागली, तर लगेच खाली उतरा आणि डॉक्टरांना दाखवा.